ॲम्पला भोक पाडू, की ॲम्पच देऊन टाकू?

पत्राचा सारांश: हौशी, पण नेमाने वाजवणारे एक वाचक. चार वर्षांपूर्वी त्यांनी आपली आवडती गिटार देऊन तिच्या बदल्यात १९७३ सालचा फेंडर कंपनीचा डिलक्स रिव्हर्ब हा गिटार ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) घेतला. चंदेरी पॅनेल, त्यावर निळी अक्षरं, स्पीकरला ताकद देणाऱ्या दोन ६व्ही६ ट्यूब (काचेच्या नळ्या), २२ वॉट, बारा इंची एक स्पीकर. "घेतला तेव्हा स्वर्ग हाती आल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, फसलो." आवाज पातळ आहे, मागे सतत घरघर असते, व्हॉल्यूम पाचच्या पुढे नेला की खालचे सूर पसरतात. आणि घरात पाचपर्यंत न्यायची सोयच नाही. ओळखीचा एक कारागीर म्हणतो, पुढच्या पॅनेलला भोक पाडून मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज खाली ठेवणारा नॉब) बसवू, तुम्ही वापरत नाही तो नॉर्मल चॅनेल मोडून त्यातून एक जादा गेन स्टेज (आवाज आणखी खरखरीत करणारा टप्पा) काढू, मागे इफेक्ट्स लूप (पेडलं ॲम्पच्या मध्येच जोडायची सोय) देऊ. बँडमधला मित्र म्हणतो, असल्या ॲम्पला हात लावणं पाप आहे. त्यापेक्षा मला दे आणि माझा १०० वॉटचा, दोन चॅनेलवाला नवा ॲम्प घे, वर दोन पेडलं देतो. मात्र महिनाअखेरपर्यंत सांग, आणि मॉडिफाय केलास तर सौदा रद्द. वाचक विचारतात: "मॉडिफाय करू की अदलाबदल? केलं तर ॲम्पची किंमत किती उतरेल? दिला तर पुन्हा पस्तावेन का?"

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती आणि मी फक्त तक्रारींखाली रेघ मारत गेलो. पातळ. घरघर. खालचे सूर पसरतात. ही यादी एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याला दाखवा, ॲम्पचं नाव सांगू नका. 'यात काय बसवायचं?' हे त्याच्या डोक्यातही येणार नाही. तो विचारेल, 'शेवटचा उघडला कधी होता?' पत्रात याबद्दल एक ओळही नाही, म्हणून चार वर्षांत एकदाही उघडलेला नाही असं धरून चालतो.

तसं असेल तर तुम्ही तुमचा ॲम्प अजून ऐकलेलाच नाही. तुमच्या कानावर पडतोय तो पन्नास वर्षं वाळत पडलेल्या कपॅसिटरांचा आवाज.

थोडं आत शिरू. भिंतीतली वीज दिशा बदलत वाहते आणि ट्यूबना लागते एकाच दिशेची, चारशे व्होल्टच्या आसपासची. रेक्टिफायर ती एका दिशेला वळवतो, पण लाटा उरतातच. त्या सपाट करायचं काम फिल्टर कपॅसिटरांचं. हे इलेक्ट्रोलायटिक जातीचे असतात, म्हणजे पोटात ओलसर रसायन. पंधरा-वीस वर्षांत ते सुकायला लागतं आणि लाटा गाळणीतून निसटून आवाजात उतरतात. तीच तुमची घरघर. तिची पट्टी ऐकून बघा. भिंतीतल्या विजेच्या दुप्पट कंप्रतेची, म्हणजे १०० किंवा १२० हर्ट्झची असेल तर संशय थेट या कपॅसिटरांवर. एकपट, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झची असेल तर अर्थिंग किंवा ट्यूबच्या फिलामेंटची (आतल्या तापणाऱ्या तारेची) वायरिंग तपासावी लागेल. पसरणारे खालचे सूरही बरेचदा इथलेच. जाड तारेवर जोरात हात पडला की पॉवर ट्यूब एकदम करंट मागतात. साठा करणारा कपॅसिटर रिकामा असेल तर व्होल्टेज बसतं आणि सुराचा बुंधा सैल होतो.

तुमच्या ॲम्पमध्ये हे कपॅसिटर चेसिसच्या (आतल्या धातूच्या सांगाड्याच्या) पाठीवर, एका पत्र्याच्या झाकणाखाली ओळीने बसवलेले असतात. झाकण काढलं की टोकाच्या रबरी बुचाकडे बघायचं. तिथे फुगवटा, फोड किंवा पांढरा थर दिसला की तपासणी तिथेच संपली. फक्त बघणारे तुम्ही नकोत. प्लग काढल्यानंतरही त्यांच्यात जीव घेण्याइतका भार उरू शकतो. आधी तो रिकामा करायचा असतो आणि हे माहीत असलेल्या माणसानेच करायचं असतं. तेवढ्या खेपेत त्याला ग्राउंड स्विचही दाखवा. मागच्या बाजूच्या त्या स्विचला विजेच्या तारेतून चेसिसकडे जाणारा एक छोटा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला तर चेसिसमध्ये वीज, चेसिसमधून गिटारच्या तारांत आणि तारांवर तुमचा हात. त्याचं टोपणनाव 'डेथ कॅप' आहे, आणि तो काढून टाकताना अस्सलपणाचा विचार करणाऱ्याशी मी वाद घालत नाही. साठच्या दशकातल्या बऱ्याच ॲम्पना केबलही दोनच पिनांची असते. तीही बदलायची, तीन पिनांची आणि नीट अर्थ केलेली. अजून एक, या निमित्ताने बाकीच्यांनीही बघून घ्यावं: ॲम्पच्या मागे किती व्होल्ट लिहिलेत आणि तुमच्या भिंतीत किती आहेत. ११७ व्होल्टचा ॲम्प २३० वर चालवायला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो फुसका असेल किंवा त्यातून अर्थ पुढे जात नसेल तर नुसत्या सर्व्हिसिंगने तुमचं दुखणं जाणार नाही.

कपॅसिटर, केबल, थकलेल्या ट्यूब, बायस (ट्यूबमधून वाहणारा स्थिर करंट) तपासणं, पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) आणि सॉकेट साफ करणं याला मी मॉडिफिकेशन म्हणत नाही. तारा बदलल्या म्हणून तानपुरा नवा होत नाही. जुन्या ॲम्पच्या बाजारातही जाणता गिऱ्हाईक असल्या कामाला नाक मुरडत नाही, उलट ते झालेलं बघून त्याचा जीव भांड्यात पडतो. काढलेले भाग मात्र फेकू देऊ नका. पाकिटात घाला, वर तारीख लिहा, पाकीट ॲम्पबरोबर राहू द्या. किंमत पडते ती पाडलेल्या भोकांनी, बदललेल्या ट्रान्सफॉर्मरने, रंगवलेल्या पॅनेलने, कापलेल्या लाकडाने. नेमकी किती, याचा आकडा मी देणार नाही, कारण तो समोरच्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर ठरतो.

किंमत ज्या अस्सलपणावर ठरणार, तो तुमच्या ॲम्पमध्ये आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? पॉट, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरवर छापलेले आकडे वाचा. पहिले तीन आकडे कारखान्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ६०६ म्हणजे शूमाकर, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, २२० म्हणजे जेन्सन. पुढे वर्ष आणि आठवडा. पॉटवर १३७७३१२ असेल तर तो सीटीएसने १९७३ च्या बाराव्या आठवड्यात बनवला. ट्रान्सफॉर्मरवर बरेचदा वर्षाचा एकच आकडा असतो. मग ६०६३१२ मधला ३ म्हणजे ६३ की ७३, हे बाकीच्या खुणांवरून ताडायचं. भाग आधी बनतो आणि ॲम्प नंतर, त्यामुळे दोन-चार महिन्यांचं अंतर असायचंच. पण स्पीकरवर १९८५ दिसलं तर समजा, 'पाप' तुमच्या आधीच कुणीतरी करून गेलंय, आणि त्या मित्राशी बोलताना ते तुम्हाला माहीत असलेलं बरं.

पापाचंच निघालंय म्हणून. तुमच्या मित्राची भक्ती मला कळते, पण गिटार ॲम्पचा सगळा इतिहासच दुसऱ्याच्या सर्किटमध्ये हात घालणाऱ्यांनी घडवलाय. मार्शल कंपनीचा पहिला ॲम्प, जेटीएम४५, हा फेंडरच्या बासमन ॲम्पवरून बेतलेला होता. रँडल स्मिथने साठच्या दशकाच्या शेवटी फेंडरच्या छोट्या प्रिन्स्टनमध्ये जास्त ताकदीचं सर्किट आणि बारा इंची स्पीकर कोंबला आणि त्यातून मेसा बूगी ही ॲम्प कंपनी उभी राहिली. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. त्याने फाडले तेव्हा ते प्रिन्स्टन जुने नव्हते, रोजच्या वापरातला माल होता. आज तुम्ही जे फाडाल ते पुन्हा बनणार नाही. जे सर्किट कारागीर तुम्हाला बनवून देऊ म्हणतोय ते मात्र आज नव्या पेटीत तयार मिळतं. माझा कौल इथे ठरतो, भक्तीचा त्यात संबंध नाही.

आता कारागिराचा प्रस्ताव. मास्टर व्हॉल्यूमची कल्पना वाईट नाही, पण तुमच्या ॲम्पची गोड खरखर मुख्यतः पॉवर ट्यूब आणि स्पीकर ताणले गेल्यावर येते. मास्टर व्हॉल्यूम नेमका त्यांनाच झोपवतो आणि सगळा भार प्रीॲम्पवर, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागावर टाकतो. या सर्किटचा प्रीॲम्प त्यासाठी बनलेलाच नाही. सत्तरच्या दशकात फेंडरने स्वतः ट्विन रिव्हर्बला मास्टर व्हॉल्यूम देऊन पाहिला. ते ॲम्प लोक आजही घेतात, पण मास्टर दहावर ठेवून वाजवणारेच मला जास्त भेटलेत. जादा गेन स्टेजबद्दल माझं मत आणखी कडक आहे. त्या चेसिसमध्ये तारा कुठून कुठे जातात हे कमी गेन धरून आखलेलं आहे. त्यात एक स्टेज वाढवली की शिट्टी आणि गुणगुण सुरू होते, मग ती दाबायला आणखी कपॅसिटर, आणि शेवटी आवाज दबतो तो दबतोच. लूपचं तर मला कळलंच नाही. रिव्हर्ब आणि ट्रेमोलो ॲम्पमध्येच आहेत. तुम्ही डिले (प्रतिध्वनीचं पेडल) वापरता असंही लिहिलेलं नाही.

हे पुस्तकी बोलणं वाटू नये म्हणून सांगतो, मी स्वतः एका जुन्या ॲम्पच्या पॅनेलला भोक पाडून घेतलंय. कारागिराने काम सफाईने केलं होतं, नॉबही जुळणारा शोधून आणला होता. पहिले दोन आठवडे मी खूश. तिसऱ्या महिन्यात एक साधं ओव्हरड्राइव्ह (खरखर आणणारं) पेडल घेतलं आणि त्यानंतर तो नॉब मी दहावरून हलवला नाही. पुढे ॲम्प अदलाबदलीला काढला. बघायला आलेला माणूस पॅनेलसमोर उकिडवा बसला, डावीकडून एकेका नॉबवर बोट ठेवत गेला आणि त्या जादा नॉबवर थांबला. काहीच बोलला नाही. उठला, हात झटकले आणि सकाळी फोनवर बोललेल्यातलं पेडल सौद्यातून काढून टाकलं.

मग काय करता येईल? मागे घेता येईल असं बरंच काही. तुमच्या पातळपणाचं एक कारण मला ॲम्पच्या आखणीतच दिसतं. डिलक्स रिव्हर्बला मिडलचा नॉब नाही. मधले सूर ६.८ किलोओमच्या एका रेझिस्टरने कायमचे बांधून टाकलेत. त्या जागी १० किंवा १५ किलोओमचा लावला की आवाजाला छाती येते. एक रेझिस्टर, दोन टोकं, नको वाटलं तर दहा मिनिटांत जुना परत. व्हायब्रेटो चॅनेलच्या व्हॉल्यूमवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर असतो. कमी व्हॉल्यूमला तो वरचे सूर टोचरे करतो, म्हणजे घरात वाजवणाऱ्यालाच तो जास्त छळतो. त्याचं एक टोक सोडवून ठेवायचं, बस. बास तीनच्या खाली आणा, फुकट आहे. आणि जीव मास्टर व्हॉल्यूमवरच अडकला असेल तर नॉर्मल चॅनेलचा व्हॉल्यूम पॉट त्या कामाला लावता येतो. तुम्ही तो चॅनेल वापरतच नाही. नवं भोक कशाला?

स्पीकरकडे तर कुणी बघतच नाही. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीवर तो किती मोठा वाजतो) ३ डेसिबलने कमी झाली की ॲम्पची ताकद निम्मी केल्यासारखा परिणाम होतो. शंभर डेसिबलवाल्याऐवजी ९७ वाला लावलात तर तुमचा २२ वॉटचा ॲम्प खोलीत अकरा वॉटचा असल्यासारखा वागेल, आणि ट्यूब मात्र पूर्वीइतक्याच ताणल्या जातील. चार स्क्रू काढायचे, ओहम तेवढे जुळवायचे, जुना स्पीकर खोक्यात गुंडाळून ठेवायचा. त्याचा कागदी कोन तेवढाच जास्त टिकेल. याहून खाली यायचं तर ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये ॲटेन्युएटर, म्हणजे स्पीकरकडे जाणारी ताकद कमी करणारी पेटी. जोडताना एकच पथ्य: ट्यूब ॲम्प लोडशिवाय, म्हणजे मागे स्पीकर किंवा तसा भार जोडलेला नसताना, कधीही चालू करायचा नाही, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायचा, आणि किंमत पाडणाऱ्या भागांमध्ये त्याचा नंबर वरचा आहे.

बाहेरून काय काय होतं याचं माझं लाडकं उदाहरण गिटारवादक एडी व्हॅन हेलनचं. त्याच्या मार्शलच्या आत काय गुपित आहे म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं. मुख्य करामत भिंत आणि ॲम्पच्या मध्ये होती: व्हेरिॲक नावाचा ट्रान्सफॉर्मर लावून तो व्होल्टेज नव्वदच्या आसपास उतरवायचा. (तुम्ही हे करू नका. फिलामेंटचं व्होल्टेजही उतरतं, ट्यूबना ते मानवत नाही.)

आता मित्राचा सौदा. १०० वॉट हा आकडा तुम्ही पत्रात दोनदा अधोरेखित केलाय. २२ वरून १०० म्हणजे साडेसहा डेसिबलचा फरक. कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणजे मित्राचा ॲम्प दुप्पटही मोठा नाही, आणि तुमची अडचण तर आवाज फार मोठा होण्याची आहे. त्या ॲम्पचा खरा गुण वेगळा आहे: हळू वाजवतानाही भरपूर गेन, आणि पायाने चॅनेल बदलायची सोय. तुम्ही जे वाजवता त्याला हेच हवं असेल तर तो ॲम्प तुमच्यासाठी बरोबर आहे आणि तुमचा चुकीचा. त्यात कमीपणा काही नाही. जुनं म्हणून ते चांगलंच, असं मी मानत नाही. न आवडणारा चांगला ॲम्प घरात ठेवण्यापेक्षा तो आवडणाऱ्याकडे गेलेला बरा.

पण महिनाअखेर कशासाठी? पन्नास वर्षं थांबलेल्या वस्तूला आणखी सहा आठवडे जड नाहीत. मित्राला सरळ विचारा. त्याला कुठे पैसे भरायचे असतील, दुसरं गिऱ्हाईक असेल, कारण खरं असू शकतं. कपॅसिटर बदलणं त्याच्या लेखी मॉडिफाय करण्यात मोडतं का, हेही विचारून घ्या. ॲम्पमधलं कळत असेल तर तो खूशच होईल. मोडतं म्हणाला, तर त्याला ॲम्पपेक्षा ॲम्पची गोष्ट जास्त प्यारी आहे असं समजा. आणखी एक खुपलं. हात लावला तर सौदा रद्द म्हणणाऱ्या माणसाला त्या वस्तूची किंमत नीट माहीत असते. तुम्हाला ती माहीत आहे का? मागितलेल्या किमती बघू नका, मागायला काय जातं. प्रत्यक्षात व्यवहार झालेल्या किमती शोधा, दोन्ही ॲम्पच्या आणि पेडलांच्याही. अदलाबदलीत दोघेही आपापल्या वस्तूचा भाव चढवून धरतात. म्हणून आधी रोखीत काय आलं असतं ते कागदावर मांडा, फरक निघाला तर वरचे पैसे कोणी कोणाला द्यायचे ते बोला, पेडलं त्यात घोळवू नका.

सर्व्हिसिंग झाल्यावर दोघांनी पंधरा दिवस ॲम्प नुसते बदलून वापरा, सौदा न करता. आपल्या गिटारवर, आपल्या खोलीत, रोजच्या व्हॉल्यूमला. एकदा सरावालाही न्या, कारण खोलीत जाड वाटणारा आवाज ड्रमशेजारी गायब होतो आणि पातळ वाटणारा बरोबर कापत बाहेर येतो. फोनवर रेकॉर्ड करा आणि आठवड्याने ऐका, कुठला कोणता हे न बघता. बदललेलं सगळं मित्राला सांगा, लपवलेलं झाकण उघडल्यावर दिसतंच. देणंघेणं ठरलंच तर पहिल्या महिन्यात ट्यूब गेली तर खर्च कोणाचा, हे चार ओळींत लिहून ठेवा. मित्र आहे म्हणूनच लिहा.

क्रम विचाराल तर असा: आधी सर्व्हिसिंग, मग तो रेझिस्टर आणि बास, मग हवा तर स्पीकर. एवढं करूनही महिन्याभरात मन बसलं नाही, तर ॲम्प आहे तसा अख्खा द्या. ड्रिल मशीन माझ्या यादीत कुठेच नाही.

पस्तावाल का, या प्रश्नाकडे मुद्दाम शेवटी आलो. चार वर्षांपूर्वीचा पस्तावा अजून फिटलेला नाही असं मला वाटतं. तुमच्या पत्रात ॲम्पवर दहा ओळी आहेत आणि जी दिलीत त्या गिटारीवर एकोणीस. तिच्या गळ्याची जाडी, ब्रिज पिकअपचा तो तिखटपणा, मागे पट्ट्याच्या बकलने पडलेला ओरखडा. तुमच्या तक्रारींच्या यादीत पहिला शब्द 'पातळ' आहे. आज तुम्ही कुठली गिटार या ॲम्पला लावता ते लिहिलेलं नाही, पण ती दिलेली गिटार नाही एवढं नक्की. ज्या आवाजासाठी ॲम्प घेतला, त्यातला अर्धा आवाज तुम्ही त्याच दिवशी समोरच्याच्या हातात दिला होता.

तो माणूस अजून ओळखीचा आहे का? असेल तर कारागिराला आणि मित्राला दोघांनाही थांबवून आधी त्याला फोन करा. गिटार त्याच्याकडे आहे का, तो ती वाजवतो का, एवढंच विचारा. परत मागू नका लगेच. एक संध्याकाळ उसनी मागा, सर्व्हिसिंग झालेल्या ॲम्पला लावा, बास दोनवर, व्हॉल्यूम झेपेल तेवढा, आणि मग मला पुन्हा लिहा.